जिवली आत्याचा धवला आणि माझं मास्टरिंग

२ नोव्हेंबर २००५, पाडवा

कॉम्प्युटर आला. कल्याणहून टेम्पोत आणताना मॉनिटर मी स्वतः मांडीवर धरून बसलो. चंदा म्हणाली, मला लग्न करून आणलं तेव्हा टेम्पोच्या फाळक्याला टेकून बसवलं होतं. पाडव्याच्या दिवशी बायकोशी वाद नको म्हणून गप्प बसलो.

ही वही फक्त माझ्यासाठी. मोठ्या कामाला लागलेल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

संकल्प असा: वर्षभरात शहापुरात माझा स्वतःचा स्टुडिओ. पतसंस्थेतली कारकुनी तोवर चालू ठेवायची. एसटी स्टँडजवळ इतकी वर्षं कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलं, एमपीथ्रीच्या सीड्या आल्या आणि दुकान बसलं. दुकान गेलं, पण कान कुठे गेलाय? माझ्यासारखा कान तालुक्यात नाही. हे मी म्हणत नाही, नवशा मंडपवाला म्हणतो. एकदा म्हणाला होता.

६ नोव्हेंबर

बोर्ड रंगवून आणला. ‘वाल्मिक डिजिटल’. लावायला जागा नाही. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, चंदाचं शिलाई मशीन आणि तांदळाचं पिंप. मशीन हलव म्हटलं, तर म्हणाली, मशीन कमावतं, ते नाय हलणार. बोर्ड तात्पुरता पलंगाखाली ठेवला आहे.

८ नोव्हेंबर, दुपारी

लोडशेडिंग.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी

लोडशेडिंग. दिवसभरात कॉम्प्युटर नुसता पुसून ठेवला.

२० नोव्हेंबर

डोळखांबकडून आतेभाऊ धर्मा आला. दोन बातम्या घेऊन. एक, त्याच्या समीक्षाचं लग्न ठरलं, मे महिन्यात. दुसरी, जिवली आत्याच्या गळ्याला गाठ आहे, जानेवारीत ठाण्याला ऑपरेशन. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. पण डॉक्टर म्हणाले की आवाज राहील याची खात्री नाही. गाणं तर सोडूनच द्या.

आत्या पाच गावांची धवलारीण, लग्नाच्या विधींची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी. आमच्याकडे धवला लागल्याशिवाय हळदीच्या वाटीला कोणी हात लावत नाही. उंबराची फांदी आणायचा धवला वेगळा, जात्यावर हळद दळायचा वेगळा, पोरीच्या अंगाला लावायचा वेगळा. असे सात. बाकीच्या बायका ओळ मागून झेलतात, पुढचं कोणाला येत नाही. दुसरी धवलारीण लांबची आणि मेमधल्या तारखा तिच्या आधीच गेलेल्या. आत्याने चाळीस-पन्नास वर्षं जगाच्या पोरींना हळद लावली आणि आता स्वतःच्या नातीच्या हळदीला मुकी बसणार. धर्मा हे सांगताना खाली बघत होता.

मी म्हटलं, रेकॉर्ड करू. ऑपरेशनच्या आधी. हळदीच्या दिवशी आत्याचा आवाज अख्ख्या पाड्याला ऐकवतो. धर्माचे डोळे भरून आले. माझेही. शिवाय ‘वाल्मिक डिजिटल’चं पहिलंच प्रोजेक्ट.

२७ नोव्हेंबर

आत्याकडे रेकॉर्डिंग. नवशाचा माइक उसना घेतला, कॉम्प्युटर टेम्पोत घातला. धर्माच्या पडवीला चारी बाजूंनी गोधड्या टांगून मी साउंडप्रूफ खोली तयार केली. आत्या आत जाऊन बसली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, आत जीव गुदमरतो रे, मी कणगीपाशी बसते, तिथं गार आहे. भाताच्या कणग्यांची खोली. उंदीर, भुसा, काळोख. माझी सगळी योजना पाण्यात. पण वीज दुपारी जाणार होती, म्हणून तिथेच माइक लावला.

आत्याने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि सातही धवले ओळीने म्हटले. मधे एक कोंबडा आणि एक एसटीचा हॉर्न. मी म्हटलं, आत्या, सेफ्टीसाठी परत एकदा घेऊ. तर म्हणाली, धवला परत नाय घेत, पोर काय दोनदा लग्नाला बसते का.

कलावंतांबरोबर काम करणं कठीण असतं.

निघताना हळूच विचारलं तिने, मशिनीत गेल्यावर बाहेर येईल ना रे पुन्हा? म्हटलं, आत्या, माझ्यावर सोड.

४ डिसेंबर

घरी हेडफोनवर ऐकलं. कोंबडा, हॉर्न, बांगड्यांची किणकिण, खाली कुठेतरी उंदीर. आवाज चांगला आहे पण फार साधा. समोर बसून म्हटल्यासारखा वाटतो. सीडीला हा चालत नाही.

गाणं रेकॉर्ड झालं की त्यावर शेवटचा हात फिरवतात, म्हणजे कुठल्याही मशिनीवर वाजवलं तरी ते नीट वाजलं पाहिजे. त्याला मास्टरिंग म्हणतात. चंदाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग तो हात कुणाचा तरी शिकलेला पाहिजे ना.

११ डिसेंबर

धर्माच्या आग्रहाखातर मुरबाडला जाऊन आलो. तिथे लोखंडी सामानाच्या एका दुकानामागे दुकानदाराच्या मुलीने, हेतलने, स्टुडिओ टाकला आहे. मुंबईत कोर्स केलेला. भजनी मंडळांच्या सीड्या करते. वय फार तर पंचवीस. मला काका म्हणाली. मी एकोणचाळीस.

तिने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, खोली कुठली होती, छान आहे. कणगीची, हे मी सांगितलं नाही. रूम ट्रीटमेंट केली होती एवढंच सांगितलं. मग विचारलं, हळदीला कशावर वाजवणार? म्हटलं, नवशाचे दोन भोंगे, चिंचेवर. म्हणाली, मग मोनोत ऐकून बघा बरं का काका, म्हणजे दोन्ही बाजू एक करून. मला हसूच आलं. जग स्टिरिओत गेलं, ही पोरगी मोनोत बसली आहे. भोंगे दोन आहेत म्हणजे स्टिरिओच झालं की.

फी सांगितली. प्रश्न फीचा नव्हता, तत्त्वाचा होता. आपल्या आत्याचा आवाज परक्या माणसाच्या हातात का द्यायचा? परतताना एसटीत निर्णय पक्का केला. मास्टरिंग मी करणार.

१८ डिसेंबर

सॉफ्टवेअर मिळालं. पतसंस्थेतल्या शिपायाच्या मेव्हण्याकडून. सगळं इंग्रजीत आहे आणि शंभर तरी बटणं. आठवड्यात शिकून टाकतो.

२ जानेवारी २००६

नवीन वर्षाचा संकल्प: बटणं शिकून टाकणे.

१४ जानेवारी

आत्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आवाजही गेला. कुजबुज तेवढी उरली आहे, तीही जपून वापरायची असं डॉक्टरांनी बजावलंय. मी भेटायला गेलो तेव्हा तिने नुसतं माझ्याकडे बघून गळ्याला हात लावला आणि मग बोट माझ्या छातीकडे केलं. म्हणजे, आता तुझ्याकडे आहे. म्हटलं, सेफ आहे आत्या, हार्ड डिस्कवर आहे.

येताना फार जबाबदारी वाटली. घरी येऊन लगेच बसलो असतो, पण लोडशेडिंग.

२२ जानेवारी

आवाज साफ करायचं बटण सापडलं. कोंबडा गेला. हॉर्न गेला. आत्या मात्र हंड्यात तोंड घालून गातेय असं वाटतं. चंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, कोंबडा होता तेव्हा बरं होतं. तिला यातलं काय कळतं? पण थोडं कमी केलं. बटण मागे घेतलं तर कोंबडाही मागे आला.

५ फेब्रुवारी

व्हर्जन चार. खर्ज वाढवला. पिंपावरचं झाकण थरथरतं, म्हणजे जमतंय.

तक्रार: मी काम करत असताना चंदा मशीनवर बसून तेच धवले गुणगुणते. तिचं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं, तिकडे चाली वेगळ्या, त्यामुळे माझा कान बिघडतो. सांगितलं तर म्हणाली, एकच कडवं दिवसाला वीस वेळा लावता, तोंडात बसणार नाय तर काय होणार. शेजारची सकुबाईसुद्धा भांडी घासताना उंबराचा धवला म्हणते आता. प्रोजेक्ट रिलीज व्हायच्या आधीच लीक झालं.

२० फेब्रुवारी

व्हर्जन सात. सहा चांगलं होतं, पण ते कुठे सेव्ह केलं ते सापडत नाही. दिवसभर शोधलं. पतसंस्थेत रजा टाकली होती, पोट बिघडलंय म्हणून. संध्याकाळी खरंच बिघडलं.

२६ फेब्रुवारी

हार्ड डिस्क भरली. काय काढावं याचा विचार करून सगळ्यात जुनी फाइल काढली. म्हणजे आत्याचं मूळ रेकॉर्डिंग. कोंबडा-एसटीसकटचं. पुढचं व्हर्जन तयार असताना मागचं कशाला जपायचं? पुढे बघणाऱ्या माणसाने मागचे दोर कापलेच पाहिजेत.

रात्री जेवताना चंदाला सांगितलं. ती घास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

१२ मार्च

सापडलं!

‘वाइड’ नावाचं एक बटण आहे. आत्याच्या आवाजाला लावलं आणि हेडफोनमध्ये आत्या एकदम मोठी झाली. आधी मधोमध होती, आता डोक्याच्या चहूबाजूंनी आहे. डोंगर गातोय जणू. अंगावर काटा आला. हे त्या हेतलला जन्मात जमलं नसतं. चंदाला ऐकवलं. तिने हेडफोन जरा वेळ ठेवला आणि काढला. म्हणाली, आत्या कुठं बसलीय ते कळत नाय. म्हटलं, तेच तर.

१९ मार्च

आत्याबरोबर साथ नव्हती. नुसता आवाज लोकांना कंटाळवाणा होतो. पतसंस्थेतल्या मित्राच्या कीबोर्डवरून ढोल, संबळ आणि थोडं बासरीसारखं काही भरलं. चंदा म्हणाली, धवल्याला ढोल नसतो. म्हटलं, आता आहे.

२६ मार्च

निवेदन रेकॉर्ड केलं. निर्मात्याचं नाव आलंच पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही म्हणेल मी केलं. मजकूर: ‘सादर करीत आहे, वाल्मिक डिजिटल, शहापूर. ध्वनिसंयोजन, मिक्सिंग आणि मास्टरिंग, वाल्मिक. स्वर, जिवलीबाई.’ भरदार आवाजात, मागे एको. ऐकून मलाच भरून आलं. सातही धवल्यांच्या सुरुवातीला टाकलं. निवेदनाला ‘वाइड’ लावलं नाही, मला साधेपणा आवडतो.

१६ एप्रिल

सीडी तयार. कव्हरवर माझा फोटो. आत्याचा पासपोर्ट साइज मिळाला नाही.

धर्मा म्हणाला, नवशाच्या भोंग्यावर एकदा लावून बघू या का आधी? मी सरळ नाही म्हटलं. अशा गोष्टीचा पहिला परिणाम लोकांवर एकदमच झाला पाहिजे. शिवाय मी ती हेडफोनवर निदान दोनशे वेळा ऐकली आहे. आणखी काय ऐकायचं राहिलंय?

धर्माच्या बायकोला, सरस्वतीला, निरोप दिला: हळदीला बायकांनी मधेच गाऊ नये. सीडी पूर्ण ऐकावी. नंतर टाळ्या.

७ मे, सकाळी

आज हळद. नवा शर्ट. सीडीच्या दोन कॉप्या, एक खिशात आणि एक चंदाच्या पिशवीत. चंदाला म्हटलं, आजपासून आपले दिवस बदलणार. ती म्हणाली, सेफ्टी पिना घेतल्या का बघा.

८ मे

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. कोणी वाचणार नाही म्हणूनच लिहितो.

सगळं नीट होतं. मांडव भरलेला. समीक्षा पाटावर, हळद ताटात कालवलेली, पाच सवाशिणी तयार. आत्याला मधोमध बसवलेली, नवं लुगडं, गळ्याला पट्टी. चिंचेवर नवशाचे दोन भोंगे. मी सीडी घातली आणि हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

भोंग्यातून माझा आवाज आला. सादर करीत आहे. काय दणदणीत. तानसाच्या धरणापर्यंत गेला असेल. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मग ढोल सुरू झाला. संबळ सुरू झालं. बासरी सुरू झाली.

आत्या सुरू झाली नाही.

मला वाटलं, सुरुवात लांबलीय. थांबलो. ढोल वाजतच होता. आत्या डोळे मिटून, ओठ हलवत, मांडीवर बोटाने ताल धरून बसली होती. धवल्यात आपण कुठल्या ओळीवर आहोत ते तिला माहीत होतं. तिचं पहिलं कडवं संपलं, दुसरं संपलं, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. भोंग्यातून नुसता ढोल. नवशाला म्हटलं, आवाज वाढव. त्याने वाढवला. ढोल वाढला.

मग दुसरा धवला. सादर करीत आहे, वाल्मिक डिजिटल, शहापूर. आणि ढोल. पोरं हसायला लागली. सरस्वतीने सवाशिणीचा हात ताटाकडे नेला आणि परत मागे घेतला. धवल्यावाचून कोण हात लावणार? समीक्षा पाटावर तशीच. तिचा बांध फुटायच्या बेतात होता, ते लांबूनही दिसत होतं. कॉपी बदलली. तेच. तिसऱ्यांदा सादर करीत आहे म्हटल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, आता कर की मग.

आत्याने डोळे उघडले. भोंग्याकडे बघितलं. चंदाला जवळ ओढून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते चंदाने मला घरी आल्यावर सांगितलं. म्हणाली, डाक्टरनं गळ्यातून काढला, यानं मशिनीतूनबी काढला.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी सीडी बंद करायला हात घातला, तर चंदाने खुणेने थांबवलं. उठली, समीक्षाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि माझ्या ढोलावर धवला उचलला. आत्या जिथे श्वास घ्यायची तिथेच हिने श्वास घेतला. जिथे आत्या शब्द ओढायची तिथे ओढला. इतके महिने मी तिच्या डोक्याशी तेच वाजवत होतो ना. मागून सरस्वतीने झेललं, मग सगळ्या बायकांनी. आत्या मांडीवर ताल देत होती आणि चंदा कुठे अडली तर पुढचा शब्द ओठांनी दाखवत होती. पहिली हळद लागली.

दर धवल्याच्या आधी मात्र सगळ्यांना थांबावं लागत होतं, कारण मी सादर करत होतो. पाचव्या खेपेला बायका माझ्याबरोबर म्हणायला लागल्या.

१० मे

शांतपणे विचार केला. दोष नवशाच्या भोंग्यांचा आहे. जुने आहेत, चिंचेवर पाऊस खाऊन गंजलेत. गेलो आणि तसं सांगितलं. त्याने दुसरी एक भजनाची सीडी लावली. त्यातला बुवा इतका स्पष्ट आला की त्याचा दमासुद्धा ऐकू आला. नवशा काही बोलला नाही. माझ्या कानाबद्दलही काही बोलला नाही.

दुसरं असं की गाण्याशिवायची नुसती साथ असलेली सीडी हा एक प्रकार असतो, ट्रॅक म्हणतात, लोक त्यावर गातात. माझ्याकडून तो नकळत झाला. तालुक्यातला बहुधा पहिलाच. चंदा ट्रॅकवर गायली. जरा खालच्या पट्टीत गायली, पण ठीक.

घरी हेडफोन लावला. आत्या आहे. चहूबाजूंनी आहे. म्हणजे मी काढलेली नाही. मग गेली कुठे?

१२ मे

डोळखांबला धर्माकडे गेलो होतो, राहिलेली भांडी आणायला. पाणवठ्यावर खेळणारी पोरं मला बघून एका सुरात सादर करीत आहे असं ओरडली. एसटीतही एक म्हातारा म्हणाला. तो त्या गावचासुद्धा नव्हता.

१४ मे

चंदाने पिशवी उचलली आणि म्हणाली, चला मुरबाडला. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. ती म्हणाली, आत्या त्या दिवसापासून कुजबुजतसुद्धा नाय, तुमी नाय आलात तर मी एकटी जाते. गेलो. तत्त्व म्हणून नाही, सोबत म्हणून.

हेतलने सीडी लावली, ऐकली, मग एक बटण दाबलं आणि तिच्या त्या मोठ्या स्पीकरमधूनही आत्या गायब. परत दाबलं, आत्या हजर. विचारलं, वाइड लावलं का काका? मी म्हटलं, थोडंसं. तिने कागदावर दोन लाटा काढून दाखवल्या. एका बाजूला आवाज वर जातो तेव्हा दुसऱ्या बाजूला तोच खाली जातो. दोन कानात वेगवेगळं ऐकलं की भव्य वाटतं. भोंगे दोन असले तरी वायर एक, दोन्ही बाजू त्यातून एकत्र जातात, एक वर आणि एक खाली, बेरीज शून्य. ढोलाला मी ते लावलं नव्हतं म्हणून ढोल राहिला. निवेदनाला लावलं नव्हतं म्हणून मी राहिलो.

मूळ फाइल आहे का विचारलं. मी चंदाकडे बघितलं. चंदा भिंतीकडे.

तरी नशीब बलवत्तर. आवाजाची ती एक बाजू तिने सरळ करून घेतली. माझ्यापुढचा चहा निवायच्या आत झालं. मग ‘मोनो’ बटण दाबून ऐकवलं. आत्या मधोमध येऊन बसली. जरा हंड्यातली, पण आत्याच. मागे बारीक कोंबडाही. चंदाने डोळ्याला पदर लावला. मी लगेच म्हटलं, मी पाया चांगला घातला होता म्हणून हे एवढ्यात झालं. हेतल बरं म्हणाली.

ढोल ठेवायचा का, निवेदन ठेवायचं का, असं विचारलं तिने. म्हटलं, सगळं ठेवायचं, ती माझी शैली आहे. मी एसटीची वेळ बघायला बाहेर गेलो, तेव्हा चंदा आतच तिच्याशी बोलत बसली होती. बायकांना कुठेही गप्पा लागतात.

२१ मे

आज आत्याकडे गेलो. कणगीच्या खोलीत, तिच्या आवडत्या जागी तिला बसवलं. सीडी प्लेअर मांडीवर ठेवला, हेडफोन घातला. आपलाच आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेल. आधी दचकली. मग दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. गालावरून पाणी येत होतं, ते पुसत नव्हती. मधे मधे कपाळाला आठी पडायची आणि जायची, पुन्हा पडायची. मी मोजल्या नाहीत, पण साधारण सात असतील.

सगळं संपेपर्यंत ऐकलं. धर्मा, सरस्वती, चंदा, सगळे दारात उभे. मी मनाशी म्हटलं, वाल्मिक, पाडव्याचा संकल्प पुरा झाला. बोर्ड आता पलंगाखालून काढायचा.

आत्याने हेडफोन काढला आणि मला बोटाने जवळ बोलावलं. कुजबुज जपून वापरायची असते तिला. हळदीपासून कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

म्हणाली, पुढच्या टायमाला मधी मधी तू बोलू नको.

२२ मे

पतसंस्थेतून हेतलला फोन केला. आढेवेढे न घेता सांगितलं, निवेदन काढायचं आहे, आणि ढोलही काढायचा असेल तर काढ. फी काय ती दे सांगून. म्हणाली, काका, तशी सीडी तेव्हाच केली होती, नुसत्या आत्यांची, पाकिटात मागच्या बाजूला आहे बघा. विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, चंदाकाकींनी.

घरी येऊन पाकीट बघितलं. आहे. चंदा घरी नव्हती. तिला आसनगावच्या एका हळदीचं बोलावणं आलंय, त्यांची गाडी येऊन घेऊन गेली. ओट्यावर भात झाकून ठेवला होता.